आरसी (रिमोट कंट्रोल) गाड्यांच्या रेसिंगसाठी स्वस्तातली जोरदार मोटर कशी निवडायची, खास कोकणातल्या मंडळींसाठी

दरवर्षी मे महिन्यात चाकरमानी गावाला आले की एखादा पोरगा तरी खोका उघडून दाखवतोच, आत नवीकोरी ब्रशलेस (कार्बनचे ब्रश नसलेली) मोटर असते आणि तो विचारतो, "दादा, ४३०० घेतली, ५२०० घ्यायला हवी होती काय?" मी उलट विचारतो, पिनियन (मोटरच्या शाफ्टवरचा छोटा गिअर) किती दातांचा लावणारेस, पळवणार कुठे, बॅटरी कुठली. तिथे गप्प. त्याची चूक नाही, मोटरच्या खोक्यावर एकच आकडा, केव्हीचा (तो काय ते पुढे सांगतो), मोठा छापलेला असतो आणि दुकानदारपण तोच आकडा दाखवून विकतो. पण गाडी त्या आकड्यावर पळत नाही, ती मोटर, गिअर, बॅटरी आणि जमीन या चौघांचं जमलं तर पळते, आणि यातलं सगळ्यात स्वस्त काय असेल तर पिनियन. म्हणून कमी पैशात पुढे राहायचं असेल तर मोटर मध्यम घ्यायची आणि तिला गिअर बरोबर लावायचा, हे मी रत्नागिरीत इतकी वर्षं गाड्या पळवून शिकलोय आणि तेच सगळं इथे लिहितोय.

आधी जागा ठरवा. आपल्याकडे गुळगुळीत कार्पेटचे ट्रॅक नाहीत, आपण शाळेच्या काँक्रीटच्या कोर्टवर पळवतो, नाहीतर सड्यावर जांभ्याच्या लाल मातीत, नाहीतर ओहोटीला पुळणीवर. काँक्रीटवर आम्ही जुने जाड दोर टाकून ट्रॅक आखतो, मिरकरवाड्यात बोटींचे टाकून दिलेले दोर मिळतात ते मस्त पडतात, चिरे लावू नका, गाडीचे आर्म (चाकं धरणारे दांडे) तुटतात. आता बघा, शाळेच्या ग्राउंडवर सरळ पट्टा मिळून मिळून २० मीटरचा. गाडी ताशी ३६ किलोमीटरने जात असेल तर ती सेकंदाला १० मीटर कापते, म्हणजे तो अख्खा पट्टा २ सेकंदात संपला आणि पुढे वळण. ज्या मोटरने गाडी ७० ला जाऊ शकते ती त्या २ सेकंदात ७० ला पोचणारच नाही, उलट वळणातून निघताना चाकं जागेवर फिरतील, धूळ उडेल आणि मागचा साधी मोटरवाला आतून निघून जाईल. हे मी दर रविवारी बघतो. मोठ्या डांबरी रस्त्यावर नुसतं सरळ पळवायचं असेल तर गोष्ट वेगळी, पण ती रेस नाही.

आता केव्ही म्हणजे काय ते. महावितरणच्या खांबावर ११ केव्ही लिहिलेलं असतं ते किलोव्होल्ट, त्याचा इथे काही संबंध नाही. मोटरचा केव्ही म्हणजे एक व्होल्ट दिला तर बिनलोडची मोटर मिनिटाला किती फेरे मारेल तो आकडा. ३००० केव्हीला २एस लिपो (दोन सेलची लिथियम पॉलिमर बॅटरी) म्हणजे ७.४ व्होल्ट दिले तर २२,२०० फेरे. टर्न म्हणजे आत तांब्याच्या तारेचे किती वेढे आहेत. वेढे कमी तर फेरे जास्त आणि करंट पण जास्त ओढणार, वेढे जास्त तर फेरे कमी आणि मोटर शांत. रेसिंगच्या ब्रशलेस मोटरवर १७.५ टी, १३.५ टी असं लिहिलेलं असतं, त्यात १७.५ टी साधारण २२०० केव्हीच्या आसपास येते आणि १३.५ टी ३००० च्या आसपास, कंपनीप्रमाणे थोडं इकडेतिकडे. बाहेरच्या देशांत स्टॉक क्लासच्या (मोटर ठरवून दिलेली असते त्या) रेसला १७.५ टी आणि १३.५ टी याच मोटर जास्त चालतात आणि तिथली कसलेली माणसं त्याच वापरून घासून रेस खेळतात, म्हणजे कमी केव्ही म्हणजे नवशिक्याची मोटर हा समज काढून टाका.

जास्त केव्ही म्हणजे जास्त ताकद असंही नाही बरं का. एकाच मापाच्या दोन मोटरमध्ये केव्ही वाढला की प्रत्येक अँपमागे मिळणारा टॉर्क त्याच प्रमाणात कमी होतो, मग तेवढीच गाडी ओढायला जास्त अँप लागतात, आणि त्याच तारेत उष्णता अँपच्या वर्गाने वाढते, म्हणजे अँप दुप्पट झाले तर उष्णता चौपट. माझी पहिली ब्रशलेस अशीच गेली. फोटोतला आकडा बघून सगळ्यात मोठ्या केव्हीची मागवली होती, जुन्या मोटरचा २२ दातांचा पिनियन तसाच ठेवला आणि मे महिन्यात दुपारी चारला कोर्टवर उतरलो, दुसऱ्या बॅटरीच्या अर्ध्यात वास आला आणि संपलं. आमच्या इथले पंपाच्या मोटारी भरणारे वायंडिंगवाले काका आहेत, त्यांच्याकडे घेऊन गेलो तर त्यांनी मोटर खोलली, वास घेतला आणि म्हणाले, "अरे बाळा, लोड जास्त म्हणून अँप जास्त, अँप जास्त म्हणून वार्निश काळं. विहिरीवरच्या पंपाचं पण हेच असतं." रिवाइंड करून द्याल का विचारलं तर म्हणाले एवढ्याशा जागेत जाड तार हाताने घट्ट बसत नाही, नवीनच घे. त्यांचं बरोबर होतं, ब्रशलेस मोटर भरून घ्यायच्या भानगडीत पडू नका.

म्हणून केव्हीच्या आधी माप बघायचं. ब्रशलेसवर ३६५० असं लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ ३६ मिमी व्यास आणि ५० मिमी लांबी. जुन्या ब्रशवाल्या मोटरला हेच माप ५४० म्हणतात, म्हणून ३६५० सहसा ५४० च्या जागी सरळ बसते, तेच २५ मिमी अंतरावरचे दोन स्क्रू, तोच ३.१७५ मिमीचा शाफ्ट. मोटर लांब झाली, ३६६० किंवा ३६७४, की आत तांबं आणि चुंबक जास्त, ती जास्त उष्णता सहन करते आणि खालून जोर जास्त देते, पण वजनपण वाढतं आणि छोट्या चासीत बसत नाही. एकदशांश मापाची, म्हणजे खऱ्या गाडीच्या दहाव्या हिश्श्याची रोड कार, वजन दीड किलोच्या आसपास, तिला ३६५० पुरेशी. एकदशांशचा शॉर्ट कोर्स ट्रक किंवा जड बग्गी, अडीच किलोच्या पुढे, तिला ३६६० घ्या, ३६५० घालून मारू नका. डब्ल्यूएलटॉईज १४४००१ सारख्या एकचतुर्दशांश गाडीत कंपनीचीच ५५० ब्रशवाली मोटर येते, ५५० म्हणजे ५४० चाच व्यास पण लांबी ५७ मिमीच्या आसपास, आणि ती गाडी आहे त्या मोटरवरच पुष्कळ पळते, तिथे आधी बेअरिंग, गिअर आणि टायर नीट करा. अष्टमांश मापाच्या गाड्या हा वेगळा खर्च आहे, तिथे ४२ मिमी व्यासाच्या मोटर, ४एस बॅटऱ्या, तो विषय मी इथे घेत नाही.

ब्रशवाली घ्यायची की ब्रशलेस? पैसे खरंच कमी असतील तर ब्रशवाली घ्या आणि त्यात कमीपणा मानू नका. चंदेरी डब्याची ५४० मोटर काही शे रुपयांत मिळते, तिचा ईएससी, म्हणजे मोटरला करंट देऊन वेग सांभाळणारं सर्किट, स्वस्त, आणि सगळ्यांनी तीच मोटर लावली तर रेस इतकी घासून होते की बघणाऱ्यांचापण वेळ मजेत जातो. ब्रशवाल्यात २७ टी ही जुनी स्टॉक रेसिंगची मोटर, ३५ टी आणि ५५ टी या क्रॉलरच्या म्हणजे हळू चढणाऱ्या गाड्यांच्या, त्या रेसला घेऊ नका. १२ टी किंवा १५ टीची घेणार असाल तर ईएससीवरची मर्यादा बघा, हॉबीविंग कंपनीचा क्विकरन १०६० आपल्याकडे सगळ्यांकडे असतो, तो २एसवर १२ टीपर्यंत आणि ३एसवर १८ टीपर्यंतच घेतो, त्याच्या खाली गेलात तर ईएससी जाईल. ब्रशवाली नवीन आणली की पहिल्याच दिवशी फुल थ्रॉटल मारू नका, गाडीला न जोडता ३ व्होल्टवर काही मिनिटं फिरवा, त्याने ब्रश कम्युटेटरच्या (ते ज्यावर घासतात त्या तांब्याच्या गोल भागाच्या) गोलाईला घासून बसतात, ठिणग्या कमी पडतात आणि मोटर जास्त टिकते. दोन पेन्सिल सेल सिरीजला लावले तरी चालतं. आणि तिच्यावर १०४ लिहिलेले तीन छोटे कॅपॅसिटर असायला हवेत, दोन टोकांपासून एकेक डब्याला आणि एक दोन्ही टोकांमध्ये, नसतील तर डाग देऊन लावून घ्या, नाहीतर रिमोटला गाडी मधेच झटके देते आणि लोक रिसीव्हर बदलत बसतात.

ब्रशवाल्याचा तोटा म्हणजे डबा उघडा असतो आणि ब्रश झिजतात. न खोलता येणाऱ्या चंदेरी डब्यात ब्रश बदलता येत नाहीत, झिजले की मोटर टाकायची. खोलता येणाऱ्या मोटरमध्ये बदलता येतात पण तशी घेतलीत तर ब्रशलेसच्या जवळ पैसे पोचतात. म्हणून मी म्हणतो, एकतर अगदी स्वस्त ब्रशवाली घ्या नाहीतर सरळ ब्रशलेसवर जा, मधली महाग ब्रशवाली घेऊन फायदा नाही.

ब्रशलेसमध्ये दोन जाती, सेन्सरवाली आणि बिनसेन्सरची. सेन्सरवाल्या मोटरला तीन जाड वायरींशिवाय एक बारीक सहा तारांची केबल असते, ती ईएससीला सांगते की आतला रोटर (चुंबकाचा फिरणारा भाग) नेमका कुठे आहे, त्यामुळे गाडी मुंगीच्या पावलाने निघते, वळणातून बाहेर येताना हलका थ्रॉटल दिला तरी ऐकते. बिनसेन्सरवाली अगदी हळू असताना अडखळते, टकटक करते, एकदा फिरायला लागली की काही फरक नाही. काँक्रीटवर धूळ असते, पकड कमी, तिथे सेन्सरवाली १३.५ टी किंवा १७.५ टी घेतली तर नवशिक्याचापण लॅप सुधारतो, मला विचाराल तर कोर्टवर रेस खेळणाऱ्याने पैसे इथेच घालावेत. हॉबीविंगची जस्टॉक किंवा क्विकरनमधली सेन्सरवाली ३६५० ही या कामाची साधी मोटर आहे, स्कायआरसीच्यापण असतात. पण पुळण आणि सड्यावाल्यांना मी उलट सांगतो. रेसिंगच्या सेन्सरवाल्या मोटरच्या डब्याला हवेसाठी मोठाली भोकं असतात, बिनसेन्सरच्या बऱ्याच मोटर पूर्ण बंद डब्याच्या येतात, हॉबीविंगच्या ईझेडरनमधली ३६५२ किंवा सर्पास हॉबीच्या बिनसेन्सरच्या ३६५० घ्या, त्यातही ३००० ते ३५०० केव्हीच्या, ५२०० च्या नको. वाळूत अडखळणं जाणवतच नाही, आणि आत कचरा जात नाही याचाच फायदा मोठा.

वाळूबद्दल एक गोष्ट आपल्याकडचीच आहे आणि ती कुठल्या परदेशी व्हिडिओत सापडणार नाही. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर, मांडवीला काळा समुद्र म्हणतात तिथे, काळबादेवीकडे, वाळूत इल्मेनाईट आणि मॅग्नेटाईटचे जड काळे कण असतात. जुन्या स्पीकरचं लोहचुंबक त्या वाळूवरून फिरवून बघा, काळी मिशी फुटल्यासारखे कण चिकटतात. आता मोटरमध्ये काय असतं, चुंबकच. उघड्या डब्याची मोटर तिथे एक दुपार पळवली की हे कण आत जाऊन रोटरला चिकटतात, फुंकून निघत नाहीत, पाण्याने निघत नाहीत, रोटर आणि स्टेटरच्या (बाहेरच्या स्थिर वायंडिंगच्या) मधल्या केसाएवढ्या फटीत घासत राहतात. ते काढायचे तर मोटर खोलून रोटर बाहेर काढायचा आणि चिकटपट्टीने दाबून दाबून एकेक उचलायचे, मी केलंय, दोन तास जातात. म्हणून काळ्या वाळूत उघडी मोटर अजिबात न्यायची नाही. भाट्याला पळवता तेव्हापण ओल्या पट्ट्यात गाडी घालायचा मोह होतो, फोटो छान येतो, पण खारं पाणी एकदा बेअरिंगमध्ये गेलं की दुसऱ्या दिवशी सकाळी तांबूस पाणी दिसतं.

आता गिअर, इथे जरा थांबा कारण खरा वेग इथे आहे. टामिया कंपनीच्या टीटी-०२ गाडीचं उदाहरण घेऊ, स्वस्त गाडी आहे आणि तिचे आकडे सरळ आहेत. स्पर गिअर (पिनियन ज्याला फिरवतो तो मोठा गिअर) ७० दातांचा, पिनियन २२ दातांचा, आणि आतल्या डिफचा (चाकांकडे ताकद वाटणाऱ्या गिअरचा) रेशो २.६. हिशोब असा की ७० भागिले २२ गुणिले २.६, उत्तर ८.२७. म्हणजे मोटर ८.२७ फेरे मारते तेव्हा चाक एक फेरा मारतं, याला फायनल ड्राइव्ह रेशो म्हणतात. १३.५ टी मोटर लावली, ३००० केव्ही धरू, २एसवर २२,२०० फेरे, भागिले ८.२७ म्हणजे चाकाचे २६८४ फेरे. रोड टायरचा व्यास ६३ मिमी, म्हणजे एका फेऱ्यात गाडी १९.८ सेंटीमीटर जाते, गुणाकार करून तासाला जवळपास ३२ किलोमीटर. हा कागदावरचा वेग, प्रत्यक्षात त्याहून कमीच मिळतो. आता मोटर तीच ठेवून फक्त पिनियन २५ दातांचा लावा, रेशो ७.२८ होतो आणि वेग ३६ वर जातो. मोटर न बदलता चार किलोमीटर वाढले, खर्च फक्त एका पिनियनचा. हाच हिशोब १७.५ टीसाठी करा, २२०० केव्हीला २२ च्या पिनियनवर जेमतेम २३ येतात, म्हणून लोक म्हणतात १७.५ टी हळू आहे, हळू नाही, तिला गिअर मोठा लावलेला नाही. कमी केव्हीच्या मोटरला मोठा पिनियन, जास्त केव्हीच्या मोटरला छोटा पिनियन, हे एवढं लक्षात राहिलं तरी निम्म्या मोटर जळायच्या वाचतील.

पिनियन घेताना त्याची पिच, म्हणजे दातांचं माप, तुमच्या स्परशी जुळते का बघा. टीटी-०२ ला ०.६ मॉड्यूलचा लागतो, बऱ्याच रेसिंग गाड्यांना ४८ पिच किंवा ६४ पिच, ट्रकला ३२ पिच. ४८ पिच आणि ०.६ मॉड्यूल दिसायला जवळजवळ सारखे आहेत, फिरतातपण, पण हळूहळू स्परचे दात खातात. एक खाली, एक बरोबर, एक वर असे तीन पिनियन घेऊन ठेवा. बसवताना दोन गिअरच्या मधे वहीच्या कागदाची पट्टी घालून दाबा, स्क्रू आवळा, मग पट्टी फिरवून बाहेर काढा, तेवढी फट बरोबर असते. आणि मोटरचे स्क्रू, हे नीट वाचा, मोटर प्लेटमधून आत जाणारा स्क्रू गरजेपेक्षा लांब असेल तर तो आत वायंडिंगला टेकतो आणि नवी मोटर पहिल्या मिनिटात शॉर्ट होते. जुन्या मोटरचे स्क्रू लावताना आधी ते मोटरच्या भोकात हाताने किती जातात ते मोजा.

पिनियन बरोबर आहे की नाही हे गाडी सांगत नाही, मोटरचं तापमान सांगतं. नवा पिनियन लावला की दोन मिनिटं पळवा, थांबवा, मोजा, मग परत दोन मिनिटं. डब्यावर ७० च्या आत असेल तर निवांत, ८० अंशाला पोचली तर पिनियनचे दोन दात कमी करा, कारण आतलं वायंडिंग बाहेरच्या डब्यापेक्षा गरम असतं आणि जास्त तापलं की रोटरमधलं निओडायमियम चुंबक कायमचं कमजोर होतं, मग मोटर फिरते पण पहिल्यासारखी ओढत नाही आणि आणखी तापते. मोजायला कोरोनात घेतलेली कपाळाची गन घरात पडलेली असेल, तिच्यावर सरफेस मोड असेल तर चालते, बॉडी मोडवर चालणार नाही. पण चकचकीत ॲल्युमिनियमवर ही गन खोटं, म्हणजे कमी दाखवते, म्हणून मोटरवर काळ्या इन्सुलेशन टेपचा छोटा तुकडा चिकटवा आणि त्यावर मोजा. गन नसेल तर बोट ठेवा, तीन सेकंद धरवत नसेल तर ६० च्या वर गेली समजा.

परदेशी व्हिडिओत एखादा सांगतो मी इतका पिनियन लावला आणि मोटर ६० वरच राहिली, तेव्हा त्याच्याकडे बाहेर १५ अंश असतील हे विसरू नका. म्हणजे त्याची मोटर हवेपेक्षा ४५ अंश वर गेली. आपल्याकडे मेमध्ये हवा ३३, तीच मोटर तोच पिनियन, ७८. आणि कोर्टच्या काँक्रीटला हात लावून बघा दुपारचा, तो वेगळाच. त्यामुळे बाहेरच्या माणसाचा सेटअप घ्यायचा तर उन्हाळ्यात एक-दोन दात कमी करून घ्या, पावसाळ्यानंतर नोव्हेंबर-डिसेंबरात संध्याकाळी पळवताना एखादा वाढवून बघा. मोटरवर ३० मिमीचा छोटा पंखा लावला तर फरक पडतो, माझ्या मते पहिल्या दिवसापासून लावावा. टायमिंग म्हणून सेन्सरवाल्या मोटरच्या मागच्या झाकणावर खुणा असतात, झाकण फिरवलं की फेरे वाढतात पण करंटपण वाढतो, ईएससीत बूस्ट (सेटिंगमधून टायमिंग आणखी पुढे नेणं) टाकला तर आणखी. पिनियन ठरेपर्यंत टायमिंग कंपनीने दिलंय तिथेच राहू दे. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशामुळे तापली ते कळत नाही.

बॅटरीचं थोडक्यात. पाच मिनिटांची रेस असेल आणि ३००० एमएएचची बॅटरी पाच मिनिटांत पूर्ण संपवली तर सरासरी ३६ अँप झाले, म्हणजे यापेक्षा जास्त खाणारी मोटर लावलीत तर रेस पूर्ण होणार नाही. बॅटरी कमकुवत असेल तर थ्रॉटल मारताच व्होल्टेज पडतं आणि सगळे म्हणतात मोटरमध्ये दम नाही. पांढरा जुना टामिया कनेक्टर ब्रशलेसला ठेवू नका, तो वितळतो, टी-प्लग किंवा एक्सटी६० लावा.

घ्यायची कुठून, तर आपल्या जिल्ह्यात हॉबीचं सामान हातात बघून घेता येत नाही. ऑनलाईन मागवा, नाहीतर मुंबईहून गणपतीला येणाऱ्या भावाला लॅमिंग्टन रोडला जाऊन बघायला सांगा, तिथे कनेक्टर, वायर, कॅपॅसिटर, बारीक बेअरिंग असलं सगळं मिळतं. परदेशातून थेट मागवलंत तर कस्टम ड्युटी धरून हिशोब करा, नाहीतर स्वस्त वाटलेली मोटर इथल्यापेक्षा महाग पडते. मोटर आणि ईएससीचा कॉम्बो घेतला तर सुट्यापेक्षा सहसा स्वस्त पडतो आणि दोघांचं जमेल की नाही ही काळजी राहत नाही. ईएससी नेहमी मोटरच्या गरजेपेक्षा एक पायरी वरचा घ्या, पुढे मोटर बदलली तरी तो राहतो.

सेकंडहँड घेत असाल तर आधी नाक लावा, जळकं वार्निश लपत नाही. शाफ्ट धरून वरखाली हलवा, खडखड जाणवली तर बेअरिंग गेलंय, ते बदलता येतं, पुढचं बेअरिंग बहुतेक ३.१७५ बाय ९.५२५ मिमीचं असतं आणि स्वस्त आहे, म्हणून नुसत्या बेअरिंगसाठी मोटर नाकारू नका, भाव पाडून घ्या. मल्टीमीटरचं एक टोक डब्याला आणि एक तिन्ही वायरींना आळीपाळीने लावा, कुठेही बीप वाजता कामा नये. मग ड्रिल मशीनची टेस्ट, ही मला फार आवडते. ड्रिलच्या चकमध्ये शाफ्ट हलकेच पकडा, ड्रिल फुल फिरवा आणि तीन वायरींपैकी दोन-दोन वायरींत एसी व्होल्टेज मोजा. तिन्ही जोड्यांत आकडा सारखा आला पाहिजे, एक जोडी कमी दाखवत असेल तर वायंडिंग आतून गेलंय, परत देऊन टाका. ड्रिलवर २८०० आरपीएम लिहिलं असेल आणि तुम्हाला ०.६६ व्होल्ट मिळाले, तर ०.६६ ला १.४१४ ने गुणा, ०.९३ येतात, २८०० ला त्याने भागा, ३००० केव्ही. लेबलवर काहीही छापलेलं असो, हा आकडा खरा. दहा टक्के इकडेतिकडे सोडून द्या, ड्रिलपण लिहिलेल्या आरपीएमने अगदी नेमकं फिरत नाही. फक्त तो पिवळा स्वस्त मल्टीमीटर यासाठी चालत नाही, त्याची एसीची सगळ्यात छोटी रेंज २०० व्होल्टची असते, वायंडिंगवाल्याकडे चांगला मीटर असतो, जाऊन मोजून या.

वायरी जोडताना, बिनसेन्सरची उलटी फिरली तर तीनपैकी कुठल्याही दोन वायरी अदलाबदल करा, झालं. सेन्सरवालीला असं करायचं नाही, ए ला ए, बी ला बी, सी ला सी, आणि दिशा बदलायची तर ईएससीच्या सेटिंगमधून. सेन्सर केबलचं टोक बसवायच्या आधी त्यावर डायइलेक्ट्रिक ग्रीसचा पुसट हात फिरवा, खाऱ्या हवेने त्या बारीक पिना हिरव्या पडतात आणि मग गाडी रेसमध्ये एकदम थरथरायला लागते, माझी एकदा शेवटच्या लॅपला तशीच थांबली होती.

पळवून घरी आणल्यावर लगेच ब्रशने धूळ झाडा, जांभ्याची लाल माती बारीक पॉलिश पेपरसारखी आहे, ती बेअरिंगच्या कडेला बसू देऊ नका. खारं पाणी लागलंच असेल तर ब्रशलेसवर गोडं पाणी ओता, झटका, पंख्याखाली सुकवा आणि मग दोन्ही बेअरिंगवर शिवणयंत्राच्या तेलाचा एकेक थेंब. एकच. ब्रशवालीत तेल ब्रशकडे जाता कामा नये. खोबरेल वापरू नका, आपल्याकडे कशालाही खोबरेल लावायची सवय आहे, पण ते थंडीत गोठतं आणि नंतर चिकट होऊन धूळ धरतं. डब्ल्यूडी-४० ने गंज सुटतो, पण ते वंगण म्हणून टिकत नाही, मारलंत तर नंतर पुसून तेल घाला.

खर्च कसा वाटायचा ते शेवटी सांगतो, माझ्या मते. हातात अगदीच थोडे पैसे असतील तर चंदेरी ५४० ठेवा आणि तीन पिनियन, बेअरिंगचा सेट आणि एक पंखा घ्या, गाडी वेगळी वाटेल. ब्रशलेसपुरते जमले तर काँक्रीटला सेन्सरवाली १३.५ टी, वाळू-मातीला बंद डब्याची ३००० ते ३५०० केव्हीची, आणि त्यातले काही पैसे बाजूला काढून पिनियनला. त्याच्या वर पैसे उरले तर बॅटरी चांगली घ्या, दुसरी मोटर नको. आमच्यात एक जण आहे, १७.५ टीवर खेळतो, वहीत लिहून ठेवतो, तारीख, पिनियन, हवा किती, मोटर किती तापली, आणि सध्या कोर्टवर त्याला कोणी गाठत नाही. तशी वही करा.

आणि मे संपत आला की, पहिला पाऊस पडायच्या आधी मोटर गाडीतून काढा, बेअरिंगला तेल द्या, हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा, पुड्या महिन्यातून एकदा गरम तव्यावर सुकवून घ्या. लिपो भरून ठेवू नका, सेलला ३.८ व्होल्टवर आणून वेगळ्या पत्र्याच्या डब्यात. गणपतीत उघडाल तेव्हा शाफ्ट बोटाने फिरवून बघा, कुरकुर आली तर आधी बेअरिंग बदला, मगच बॅटरी जोडा.